मागची सीट नसलेली गाडी

२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याला काल त्याच्या नोकरीच्या गावी सोडून आलो. गादी, कुकर, पुस्तकं, टेबलफॅन, सगळं आमच्या सात सीटांच्या गाडीत कोंबून नेलं होतं. येताना मागे कुणीच नाही. पाडलेल्या सीटा उभ्या करायचंही सुचलं नाही. ही शेजारी बसली होती. रेडिओ चालू होता म्हणून बरं.

आज चहा घेताना ही म्हणाली, "आता एवढं धूड कशाला ठेवायचं? विकून टाका."

बरोबर आहे तिचं. धूड घेतलं तेव्हा घरात आई धरून पाच माणसं होती. लेक लग्न होऊन गेली, मग आई गेली, आता धाकटा. मी सहज बोलून गेलो, "मग दोन सीटांची घेऊ. टप उघडणारी. कॉलेजात असल्यापासून मनात आहे."

मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "घ्या की."

वाद घालायची तयारी करून बसलेल्या माणसाला असा होकार मिळाला की तोंडघशी पडल्यासारखं होतं. मीच म्हटलं, नवी परवडणार नाही, जुनी बघावी लागेल, जुन्यात फसवाफसवी असते. ती म्हणाली, "बघा मग नीट." आणि उठून कामाला लागली.

नीट बघायची तर नोंद हवी. धाकट्याने मागे टाकलेली ही कोरी डायरी सापडली. यात फक्त गाड्यांबद्दल लिहायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली गाडी: लाल. फोटो बघून दातखीळ बसली होती. (दात बनवणाऱ्याने हे लिहावं! आमची लॅब कवळ्यांची. दिवसभर लोकांचे जबडे हातात असतात, त्यामुळे विनोदही तसलेच सुचतात.)

बरोबर चिकटला नेलं. चिकट म्हणजे लॅबमधला माझा भागीदार. कंजूष नाही, पण एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटत नाही. मालक व्यायामशाळावाला, दंड दारात मावत नव्हते. मी गाडीभोवती फिरून वाहवा करत होतो, तोवर चिकटने खाली वाकून पायाखालच्या मॅटमध्ये बोट घातलं.

"ओलं आहे."

"काल धुतली," मालक.

"आतून?"

मग त्याने दाराखालचा पत्रा नखाने टोकरला. रंगाची खपली निघाली आणि खालून गंजाचा भुगा. कापडी टपाच्या गाड्यांचं हेच दुखणं म्हणे. टपावरचं पाणी वाहून जायला बाजूला छोटी भोकं असतात, ती पानांनी बुजली की पाणी आत मुरतं आणि पत्रा पोटातून कुजतो. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. हत्तीचे दाखवायचे दात.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही एका नाटकमंडळीचे कपडे सांभाळते. शिवणं, उसवणं, इस्त्री, कुणाचं पोट सुटलं की चार बोटं सोडणं. घरीही एक गठ्ठा असतोच. बाहीला इस्त्री करत ऐकत होती.

"चालवून बघितलीत?"

"एक फेरी मारली."

"शेजारच्या सीटवर कोण होतं?"

"चिकट."

"हं," म्हणाली आणि बाही उलटी केली. हिला गाड्यांत काडीचा रस नाही, पण माझ्यासाठी विचारपूस करते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. "बाबा, आईला नेलंत का गाडी बघायला?"

"तिला कुठे त्यातलं कळतं?"

"तुम्हाला तरी कुठे कळतं? तुम्ही चिकटकाकांना नेता."

"आईच्या डोक्याला ताप कशाला? ती दमते."

 लेक म्हणाली, "बाबा, आईशी बोला जरा." मी म्हटलं, रोजच बोलतो. आज सकाळीच गिझरबद्दल बोललो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी गाडी: राखाडी. चालवली आणि वेडा झालो. धुडासारखं वळणावर कलणं नाही, डुलणं नाही. गाडी म्हणजे अंगात घातलेला सदरा. मनात आलं की वळते.

विकणारं जोडपं तरुण, तिला दिवस गेलेले. तिघं बसणार कुठे म्हणून विकताहेत. ती बोलकी होती. म्हणाली, "काका, आमची सगळी भांडणं याच गाडीत झाली आणि मिटलीही यातच. मागे कुणी नाही, मध्ये कुणी नाही, पळणार कुठे?" नवरा हसत होता. मीही हसलो. आजकालच्या मुलांना सगळं बोलून दाखवायची हौस असते.

पण मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि पुढच्या सांगाड्याला जोड दिसला. कधीतरी जबर ठोकलेली, मग तोडून वितळवून जोडलेली. पोरांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, आधीच्या मालकाने गळ्यात मारलेली. दोघांचे चेहरे उतरले. मेकॅनिक म्हणाला, "सावकाश चालवली तर चालेल, पण ही गाडी सावकाश कोण चालवतं?" सोडली.

परत येताना एक विचित्र विचार आला. आम्ही दोघंच, मागे कुणी नाही, असं गाडीतून कधी गेलो होतो? धाकट्याला सोडून येताना. आणि त्याआधी? आई गेली त्या दिवशी, हॉस्पिटलमधून परतताना. आईची काठी मागच्या सीटवर होती, प्रत्येक वळणावर घरंगळायची. आवाज झाला की आम्ही दोघंही मागे बघायचो. एकमेकांकडे नाही.

असो. हे गाड्यांबद्दल नाही.

१ मार्च, शनिवार

एक हिरवी गाडी आहे विकायला. जुनी, पण एकाच मालकाकडे राहिलेली. जाहिरात हिला वाचून दाखवली. ही मापं टिपत होती, मध्येच दौऱ्याचं काहीतरी म्हणाली, मंडळी बाहेर निघते आहे, हिलाही जायचं आहे. म्हटलं, "जा की, अवश्य जा, जरा हवापालट होईल." दोन-चार दिवसांचं असेल. हिलाही बदल हवाच.

हिरव्या रंगाबद्दल विचारलं तर म्हणाली, "हिरवा चांगला." थोडी गप्प गप्प वाटली. कामाचा ताण.

८ मार्च, शनिवार

हिरवी बघितली. हीच ती.

देखणी म्हणता येणार नाही. रंग उडालेला, मागची प्लॅस्टिकची काच मोतीबिंदू झाल्यासारखी. पण मॅट कोरडं, पत्रा ठणठणीत, सांगाडा सरळ. चिकटने अर्धा तास खोट काढायचा प्रयत्न केला, शेवटी घड्याळ बंद आहे एवढंच सापडलं. मेकॅनिकने इंजिनाला कान लावला आणि नुसती मान हलवली. त्याच्याकडून हे म्हणजे गळ्यात हार घातल्यासारखं.

मालकीण जनावरांची डॉक्टर, केस पिकलेले, आवाज खणखणीत. विकायचं कारण विचारलं.

"कुत्रा वाढला. तो बसला की मला गिअर टाकता येत नाही." शेजारच्या सीटला केस चिकटलेले होतेच.

मी लगेच घेतो म्हटलं. तर बाई म्हणाल्या, "या सीटवर कोण बसणार?"

"बसेल, जो असेल तो."

"मग जो असेल त्याला घेऊन या. त्याने बसून बघू दे. मग देते."

"अहो, पण गाडी मी घेतोय."

"दोन सीटांची गाडी आहे. अर्धी त्याची. मी माझ्या कुत्र्यालाही विचारलं होतं."

चिकट गाडीमागे तोंड लपवून हसत होता. मला राग आला. विकत घेणाऱ्यालाच अटी!

९ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायला हवं, गाड्यांबद्दल नसलं तरी.

हिला म्हटलं, "पुढच्या शनिवारी जरा चल, हिरवी गाडी बघायला."

ती कापड बेतत होती. कात्री थांबली. "शनिवारी? शनिवारी माझी बांधाबांध आहे. रविवारी निघायचंय."

"कुठे?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं येतात, नवी कवळी लावून आरशात बघतात आणि क्षणभर त्यांना आपणच अनोळखी वाटतो. तसं.

"दौऱ्यावर," ती म्हणाली.

"हां, ते. किती दिवस?"

"चार महिने."

"चार महिने?"

"तुम्हाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही जा म्हणालात, हवापालट होईल म्हणालात."

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते सांगता येईना. मी म्हटलं, "मग माझं काय?"

"तुम्हाला गाडी आहे की."

टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिने ते इतकं साधं म्हटलं, आणि कात्री पुन्हा चालू केली.

मग मी दिवसभर फुगून बसलो. लिहायला लाज वाटते, पण बसलो. दुपारी जेवलो नाही. तिने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही, झाकून ठेवलं. मंडळी आधीही दौऱ्यावर जायची आणि ही प्रत्येक वेळी नाही म्हणायची. मुलांची परीक्षा, नंतर आईचं आजारपण. या वेळी नाही म्हणायला घरात काही उरलंच नव्हतं. मी होतो. पण मी म्हणजे 'नाही' म्हणायचं कारण, असं तिला वाटलं नसावं.

१० मार्च, सोमवार

चिकटला सांगितलं. त्याने हातातला जबडा खाली ठेवला.

"तिने तीनदा सांगितलं तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं?"

"गाड्यांत."

"मग गाडीत बसव तिला, गाढवा."

१२ मार्च, बुधवार

बसवली. लॅबला दांडी मारून गेलो. ही "तासाभरात परत यायचं" या अटीवर आली.

मी आपला बाहेरून गुण सांगत होतो. हिने ते ऐकलं न ऐकलं केलं आणि टप हातात धरला. शिवणीवरून बोट फिरवत गेली, मध्येच थांबली.

"ही मशीनची नाही. हाताने घातलेली आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीच घातली. गाई-म्हशींना टाके घालते त्याच सुईने."

ही हसली. म्हणजे अशी हसली की टप हातातून सुटला. मी तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते आठवायला लागलो आणि आठवेना. मग दोघी सुया, दोरे, चामडं आणि मेणकापड यांवर बोलत राहिल्या. मी आणि कुत्रा बाजूला उभे.

मग ही शेजारच्या सीटवर बसली. पाय लांब केले, डोकं मागे टेकलं. वर आकाश होतं. बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही, पण या वेळी रेडिओ नव्हता आणि तरी तितकंसं वाईट वाटलं नाही.

"घ्या," ती म्हणाली.

"माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस."

"मला आवडली म्हणून म्हणतेय."

परतताना विचारलं, "रविवारी मी सोडू का तुला पहिल्या गावापर्यंत? या गाडीतून?" तिने थोडा विचार केला. "पेट्या बसमधून जातील," म्हणाली. म्हणजे हो.

१६ मार्च, रविवार

आजचं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सकाळी टप उघडला आणि निघालो. गावाबाहेर पडल्यावर वारा एवढा की कानात नुसता घोंगाट. तिने ओढणी दोनदा बांधली, दोनदा सुटली, मग तिने ती पायाखाली दाबून ठेवली. मी ओरडून विचारलं, "छान ना?" तिने मान हलवली. बोलणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. हीच गाडी का आवडली याचं एक कारण तेही असेल की काय.

मग रेल्वेचं फाटक लागलं, बंद. मी इंजिन बंद केलं. वारा थांबला, आणि एकदम एवढी शांतता की रुळांच्या पलीकडे कुणी बादली ठेवली ती ऐकू आली.

ती समोर बघत म्हणाली, "परत यायचं मी अजून ठरवलेलं नाही."

मला वाटलं, वाऱ्याने कान बधिर झालेत. "परत म्हणजे?"

"घरी. जायचं ठरवलंय, तेवढंच ठरवलंय."

"माझ्यावर रागावलीस?"

"नाही हो. रागावायला माणूस समोर लागतो." मग म्हणाली, "आपल्यामध्ये कायम कुणीतरी असायचं. आधी मुलं, मग आई. त्यांच्याशी बोलता बोलता आपण एकमेकांशीच बोलतोय असं वाटायचं. धाकट्याला सोडून येताना तुम्ही रेडिओ लावलात. मी वाट बघत होते, कधी बंद करताय."

मालगाडी आली. डबे संपता संपेनात. मी उत्तर शोधत होतो. सुचलेलं प्रत्येक वाक्य कुणीतरी आधीच वापरलेलं वाटत होतं. शेवटचा डबा गेला तरी मी शोधतच होतो. फाटक वर गेलं, मागचे लोक भोंगे वाजवायला लागले.

"चला," ती म्हणाली, "उघडलं."

मला पहिला गिअर सापडेना.

तिला नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी सोडलं. मंडळींपैकी कुणीतरी "आल्या, आल्या" ओरडलं आणि ती आत गेली. दाराशी वळून तिने हात केला. मला की गाडीला, कळलं नाही.

३० मार्च, रविवार

फोन रोज होतो. आधी कागदावर विषय काढून ठेवतो: गाडी, धाकटा, हवा, नळाची गळती. चुटकीसरशी संपतात. मग ती विचारते, "अजून?" आणि मी म्हणतो, "अजून काही नाही."

काल कागद न घेता फोन केला.  मग मी म्हटलं, "तू गेल्यापासून मी या गाडीतून कुठेच गेलो नाही. शेजारची सीट रिकामी दिसते." तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी दुपारचा एकच प्रयोग आहे."

६ एप्रिल, रविवार

गेलो. टप लावून गेलो, वाटेत सगळा वेळ काय बोलायचं याचाच विचार.

तिने मला विंगेत एका स्टुलावर बसवलं आणि "हलायचं नाही" म्हणाली. पडदा वर गेला आणि मी नाटक सोडून तिलाच बघत राहिलो. एक नट रंगमंचावरून भिकाऱ्याच्या वेषात पळत आत आला. तिने त्याला अंधारात एका हाताने सोललं, दुसऱ्या हाताने कोट चढवला, दातात धरलेली टाचणी गळपट्ट्याला टोचली, आणि पाठीवर थाप मारून त्याला सावकार करून परत ढकललं. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका भरवसा. इतकी वर्षं ही संध्याकाळी "प्रयोग आहे" म्हणून जायची आणि मी म्हणायचो, "लवकर ये."

प्रयोगानंतर नाट्यगृहामागे गाडीत बसलो. मी विचारायला लागलो. टाचणी तोंडात धरून भीती नाही वाटत? चुकीचा कोट चढवलास असं कधी झालंय? ती सांगत गेली. एकदा राजाला हवालदाराची टोपी गेली होती, आणि प्रेक्षकांना वाटलं नाटकातच आहे! मी पोट धरून हसलो. मग आईबद्दल बोललो. शेवटच्या महिन्यांत आईचं करताना स्वतः किती थकली होती ते तिने सांगितलं, आणि मी मध्ये "पण" म्हटलं नाही. दोनदा तोंडाशी आला होता.

परत येणार का, हे विचारायचं ठरवून गेलो होतो. विचारलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या गावाला घाटातून जायचंय. बसमध्ये पेट्यांमध्ये चेपून बसावं लागतं." मग स्टिअरिंगवर हात ठेवून, "गाडी ठेवून जाता?"

द्यावीशी वाटेना, खोटं कशाला लिहू. महिनाभर पारखून घेतलेली गाडी. धूड विकेपर्यंत ते तीही चालवायची, तेव्हा चालवता येण्याचा प्रश्नच नव्हता. ही गाडी आहे तोवर निदान मी रविवारी उठून तिच्याकडे जाऊ शकतो, एवढाच माझ्या हातात धागा होता. आणि आता गाडीही तिच्याकडे, ठरवणंही तिच्याकडे.

किल्ली दिली. टप कसा अडकवायचा ते दाखवायला गेलो, तर म्हणाली, "येतो मला."

बसने परत आलो. खिडकीशी बसलेला माणूस माझ्या खांद्यावर झोपला. मी स्वतःची समजूत घालत होतो की गाडी परत करायला तरी ती येईलच. मग वाटलं, छे, तसं नको. गाडी परत करायला आलेलं माणूस गाडी देऊन परत जाऊ शकतं.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी लॅबमध्ये एका आजींच्या कवळीसाठी प्लास्टर कालवलं. प्लास्टर कालवलं की कुणासाठी थांबत नाही. ओतायचं ते लगेच, नाहीतर दगड. एवढ्या वर्षांत त्या वेळी मी कुणाचाही फोन घेतलेला नाही, चिकट साक्षीला आहे.

तिचा फोन आला. घेतला.

घाट चढून वर पोचली होती. मला वाटलं, पोचले एवढंच सांगेल. तर बोलतच सुटली. वळणं कशी होती, धुकं कुठे लागलं, टप उघडल्यावर हात गारठले पण लावला नाही, एका ट्रकवाल्याने वाट दिली आणि सलाम ठोकला, वर एका कठड्याशी ती उगीचच थांबली आणि कुणाला काही न सांगता किती तरी वेळ बसून राहिली. बोलताना मध्येच श्वास घ्यायची आणि म्हणायची, "आणि ऐका ना." मी काही विचारत नव्हतो, नुसतं "मग?" म्हणत होतो. चिकट वाडग्याकडे बोट दाखवून खुणा करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

तिचं सांगून झालं तोवर प्लास्टर वाडग्यात दगड झालं होतं. ते ठोकून काढलं, टाकून दिलं, आणि नवं कालवायला घेतलं.